जन्मदत्त रोग, व्यवस्थादत्त मरण : प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या निमित्ताने

‘जन्म’ हा शब्द आपल्या समाजाला सहजपणे उच्चारता येत नाही. ज्यांचे काम, वस्ती, पाणवठा आणि मसणवटाही जन्माने ठरवला गेला, त्यांच्या कानावर ‘हे जन्मतःच असते’ असे वाक्य पडले की मन आधी सावध होते आणि मगच ऐकू लागते. ही सावधगिरी अनाठायी नाही. तिला हजारो वर्षांच्या अनुभवाचा आधार आहे. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आनुवंशशास्त्राने अशी काही विधाने केली आहेत, की त्यांच्याकडे केवळ संशयाने पाहून भागणार नाही. त्यांतले एक विधान असे : पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचा धोका बऱ्याच अंशी आईबापांकडून येतो, आणि जगातल्या निरनिराळ्या लोकसमूहांत हा वारसा एकसारखा नाही.

अमेरिकेतल्या काळ्या पुरुषांत हा कर्करोग गोऱ्यांपेक्षा सुमारे दोन-तृतीयांशाने अधिक आढळतो, आणि त्याने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण तर दुपटीच्या घरात जाते. साधारणपणे सहा काळ्या पुरुषांपैकी एकाला आयुष्यात केव्हातरी हे निदान ऐकावे लागते; गोऱ्यांत हेच प्रमाण आठांत एक असे आहे. ज्या समाजाच्या लढ्याकडे पाहून आपल्या एका पिढीने १९७२ साली ‘पँथर’ हे नाव धारण केले, ज्या समाजाची गुलामी मोडणाऱ्यांना जोतीरावांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, त्या समाजाचे हे आकडे आहेत. म्हणून हा प्रश्न आपल्याला परका नाही. हे आकडे रक्ताचे आहेत की व्यवस्थेचे? माझे उत्तर आधीच सांगून टाकतो : ते दोन्हींचे आहेत. पण कोणाचा वाटा किती, हे तपासण्याआधीच सारे काही रक्ताच्या खात्यावर टाकून मोकळे होणे ही सत्ताधाऱ्यांची जुनी खोड आहे. आणि तिच्या भीतीने रक्तातले खरे तेही नाकारणे हा आपल्याला परवडणारा मार्ग नाही.

प्रथम रोगाविषयी. प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेला वेढून बसलेली, अक्रोडाएवढी ग्रंथी आहे. वीर्यातल्या द्रवाचा काही भाग ती तयार करते. पन्नाशीनंतर बहुतेकांची ही ग्रंथी वाढते. रात्री तीन-चार वेळा उठावे लागणे, लघवीची धार बारीक होणे, ती अडखळणे ही म्हाताऱ्या माणसांची नित्याची तक्रार या वाढीमुळे असते. ही साधी वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. कर्करोगात ग्रंथीतल्या काही पेशी शरीराचे नियंत्रण झुगारून बेबंद वाढू लागतात. यांपैकी बऱ्याच गाठी इतक्या संथ असतात, की माणूस ती गाठ अंगात घेऊन दुसऱ्याच कारणाने मरतो आणि त्याला तिचा पत्ताही लागत नाही. पण काही गाठी आक्रमक असतात. त्या हाडांत पसरतात, मणक्यात शिरतात. कंबर धरली म्हणून वर्ष-वर्ष तेल चोळत बसलेल्या माणसाला पुढे कळते, की दुखणे कंबरेचे नव्हतेच. सुरुवातीच्या काळात हा रोग बहुधा काहीच जाणवू देत नाही, हीच त्याची खरी अडचण आहे.

या रोगाचा धोका वाढवणाऱ्या ज्या गोष्टी निर्विवाद ठरल्या आहेत, त्यांत तीन प्रमुख आहेत : वय, घराण्यातला इतिहास आणि पूर्वजांचा प्रदेश. बाप किंवा भाऊ यांपैकी एकाला हा रोग झालेला असेल तर पुरुषाचा धोका साधारण दुप्पट होतो; भावाला झालेला असेल तर बापाच्या मानाने अधिक, आणि दोघा-तिघांना झालेला असेल तर त्याहूनही अधिक. येथे कोणीही विचारील, की एका घरात नुसते रक्तच सारखे असते काय? अन्न सारखे असते, धंदा सारखा असतो, विहीर सारखी असते. मग रक्त आणि घर यांची फारकत करायची कशी? त्यासाठी शास्त्रज्ञांनी जुळ्या भावांचा आधार घेतला. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांचा वारसा जवळजवळ पूर्णपणे सारखा असतो; वेगवेगळ्या बीजांपासून झालेल्यांचा साध्या सख्ख्या भावांइतकाच. दोन्ही प्रकारची जुळी वाढतात मात्र एकाच घरात. स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड आणि नॉर्वे या देशांतल्या दोन लाखांहून अधिक जुळ्यांच्या नोंदी तपासून २०१६ साली असा निष्कर्ष मांडण्यात आला, की माणसामाणसांत या रोगाच्या धोक्याचा जो फरक दिसतो त्यातला सुमारे ५७ टक्के भाग आनुवंशिक आहे. इतर बहुतेक कर्करोगांच्या मानाने हा आकडा बराच मोठा आहे.

या ५७ टक्क्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे, कारण याच ठिकाणी मोठी फसवणूक होऊ शकते. एखाद्या माणसाच्या रोगात ५७ टक्के जनुके आणि ४३ टक्के परिस्थिती, असा हिशेब यातून निघत नाही. हा आकडा एका ठरावीक समाजातल्या माणसामाणसांमधल्या फरकांविषयी बोलतो. दोन समाजांमधल्या फरकाविषयी तो काहीच सांगत नाही. रिचर्ड लेवोन्टिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७० साली यासाठी बियाण्याचा दाखला दिला होता. तो आपल्या शेताच्या भाषेत असा सांगता येईल. एकाच पोत्यातले मिश्र ज्वारीचे बी काढून अर्धे बागायतीत पेरले आणि अर्धे कोरडवाहू मुरमाड रानात पेरले. बागायतीतल्या ताटाताटांत जो उंचीचा फरक दिसेल तो बियाण्याचा, कारण पाणी सगळ्यांना सारखे आहे. मुरमाडातही तेच. पण बागायतीतले पीक डोक्याएवढे आणि मुरमाडातले गुडघ्याएवढे का, याचे उत्तर बियाण्यात नाही. ते पाण्यात आहे. ज्याच्या रानातून पाट वळवून नेला, त्यालाच ‘तुझे बी हलके’ असे सांगण्याचा प्रकार इतिहासात पुष्कळ झाला आहे.

तरीही बियाणे असतेच, हे विसरून चालणार नाही. प्रोस्टेटच्या बाबतीत हे बियाणे दोन प्रकारचे आहे. पहिला प्रकार दुर्मिळ पण जबर. तेराव्या गुणसूत्रावर बी.आर.सी.ए. दोन नावाचे जनुक आहे. पेशीतल्या तुटलेल्या वारशाची दुरुस्ती करणे हे त्याचे काम. ते बिघडलेले असेल तर स्त्रियांत स्तनाचा आणि बीजांडकोशाचा, आणि पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. पुरुषांतला रोग तर कमी वयात आणि अधिक आक्रमक रूपात येतो. हे बिघडलेले जनुक आईकडूनही येते आणि बापाकडूनही. म्हणजे एखाद्या पुरुषाच्या प्रोस्टेटच्या रोगाचे मूळ त्याच्या आईच्या किंवा मावशीच्या स्तनाच्या गाठीत दडलेले असू शकते. पुरुषाच्या रोगाची चौकशी करताना नुसती बापाकडची वंशावळ विचारणे हा पुरुषप्रधानतेचा अवशेष शास्त्राच्या दृष्टीनेही चुकीचाच आहे.

याच जनुकाचा एक विशिष्ट बिघाड आइसलंडच्या लोकांत आढळतो, दुसरा विशिष्ट बिघाड पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंमध्ये. दोन्ही समूह कधीकाळी थोड्या पूर्वजांपासून वाढले आणि दीर्घकाळ आपापसांत लग्ने करीत राहिले. त्यामुळे एखाद्या पूर्वजातला बिघाड पुढच्या हजारोंत उतरला. २०१२ साली सतराव्या गुणसूत्रावरच्या होक्स-बी-१३ या दुसऱ्या जनुकाचा एक बिघाड प्रसिद्ध झाला. तो प्रामुख्याने स्वीडन-फिनलंडकडच्या लोकांत आढळतो. पुढे त्याच जनुकाचा वेगळा बिघाड चीनमध्ये सापडला, आणखी वेगळा जपानमध्ये, आणि आणखी एक पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांच्या वंशजांत. याचा अर्थ काय? कोणत्याही लोकसमूहाचे रक्त निर्दोष नाही आणि कोणत्याही लोकसमूहाचे रक्त सदोष नाही. प्रत्येकाच्या गाठोड्यात काहीतरी आहे. फक्त ते वेगवेगळ्या जागी ठेवलेले आहे.

दुसरा प्रकार पुष्कळ पण सौम्य अशा फरकांचा. एकेका फरकाने धोका किंचितच वाढतो, पण असे शेकडो फरक एकत्र आले की त्यांची बेरीज मोठी होते. २००६ साली आठव्या गुणसूत्राच्या लांब बाहूवरचा एक पट्टा प्रकाशात आला. आइसलंडमधल्या संशोधकांना तो सापडला आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या काळ्या पुरुषांच्या अभ्यासातूनही संशोधक त्याच जागी पोहोचले. या पट्ट्यातला एक फरक आफ्रिकी पूर्वज असलेल्या सुमारे दहांपैकी एका पुरुषात असतो, इतर लोकांत जवळपास नसतोच, आणि तो ज्याच्यात असतो त्याचा धोका साधारण दुप्पट होतो. २०२१ साली एक लाख सात हजारांहून अधिक रुग्ण आणि एक लाख सत्तावीस हजार निरोगी पुरुष यांच्या तुलनेतून असे २६९ फरक निश्चित झाले. २०२३ साली ही संख्या ४५१वर गेली. २०२१च्या त्या अभ्यासात सर्व फरकांची बेरीज करून असे मांडले गेले, की युरोपीय वंशाच्या पुरुषांचा सरासरी आनुवंशिक धोका एक धरला तर आफ्रिकी वंशाच्या पुरुषांचा २.१८ आणि पूर्व आशियाई पुरुषांचा ०.७३ भरतो.

हा आकडा पाहून वर्णवादी माणूस टाळ्या वाजवील आणि आपल्यातला भाबडा माणूस तो खोटा म्हणून फेकून देईल. दोघेही घाई करतात. हा आकडा प्रामाणिकपणे काढलेला आहे, पण तो कोणत्या फूटपट्टीने मोजला आहे हेही पाहिले पाहिजे. २०१९ साली जगातल्या अशा जनुकीय अभ्यासांचा आढावा घेण्यात आला तेव्हा त्यांत भाग घेतलेल्यांपैकी सुमारे ७८ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. आफ्रिकी वंशाचे अवघे दोन टक्के. ज्यांना हा रोग सर्वाधिक होतो तेच अभ्यासात इतके कमी! युरोपीयांच्या शरीरात शोधलेल्या खुणा दुसऱ्यांच्या शरीरावर ताडून पाहिल्या, तर त्या खुणा तेथे तितक्याच अर्थाच्या असतील याची हमी नसते. म्हणून दोन समाजांच्या सरासरी बेरजा शेजारी ठेवून त्यांतला सगळा फरक रोगाचा फरक मानणे धोक्याचे आहे. एका समाजातल्या माणसामाणसांत कोणाची तपासणी आधी करावी, हे ठरवायला मात्र ही बेरीज उपयोगी पडते. काळ्या पुरुषांचे अभ्यास अधिक झाल्यावर ती त्यांच्याही कामी अधिक येऊ लागली. म्हणजे येथेही प्रश्न प्रतिनिधित्वाचाच आहे. संसदेत ज्याचा माणूस नाही त्याचा कायदा होत नाही. प्रयोगशाळेत ज्याचे रक्त नाही त्याचे औषध होत नाही.

आता ‘काळा’ म्हणजे कोण? अमेरिकेतल्या काळ्या माणसाच्या वारशात सरासरीने एक-पंचमांश भाग युरोपीय पूर्वजांचा असतो. तो कोठून आला हे सांगण्याची गरज नाही. मळ्याच्या मालकाने गुलाम स्त्रीवर केलेल्या अत्याचाराचा तो जिवंत पुरावा आहे. तरीही त्या संततीला ‘गोरा’ म्हणून कोणी मोजले नाही. रक्ताचा एक थेंब आफ्रिकी असला तरी माणूस काळा, असा तेथला नियम होता. म्हणजे ‘काळा’ ही वर्गवारी जनुकांनी केलेली नाही. ती कायद्याने, चाबकाने आणि बाजाराने केलेली आहे. शिवाय माणसांतली सर्वाधिक जनुकीय विविधता खुद्द आफ्रिकेतच आहे. याच लेवोन्टिनने १९७२ साली दाखवून दिले, की मानवजातीतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकेका लोकसमूहाच्या आतच सापडतात. पूर्वजांचा प्रदेश ही खरी गोष्ट आहे आणि तिच्या खुणा जनुकांत मिळतात; वंश म्हणून उतरंडीत रचलेली जी गोष्ट आहे ती मात्र माणसाची कारागिरी आहे.

आपल्या वाचकाला हा भेद नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ सालच्या अस्पृश्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात, त्या काळच्या मानववंशशास्त्रज्ञांनी घेतलेली नाकांची मापेच हाती घेऊन, ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगवेगळ्या वंशांचे नाहीत हे दाखवले. शास्त्राचा वापर उतरंडीसाठी होत असताना त्यांनी शास्त्र टाकून दिले नाही. त्याच शास्त्राच्या मोजपट्टीने उतरंड खोटी ठरवली. त्याही आधी, ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात, जातीचे मर्म सजातीय विवाहात आहे असे त्यांनी सांगितले होते. २०१३ साली भारतीयांच्या जनुकांवरील एका अभ्यासाने दाखवले, की साधारण चार हजार दोनशे ते एक हजार नऊशे वर्षांपूर्वीच्या काळात या देशातले लोकसमूह मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळत होते. त्यानंतर हे मिसळणे थांबत गेले आणि सजातीय विवाहाचे कुंपण बळकट झाले. या कुंपणाचे परिणाम शरीरातही दिसतात. आंध्रातल्या वैश्य समाजात एका विकराचा अभाव इतरांपेक्षा पुष्कळच अधिक आढळतो, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी दिल्या जाणाऱ्या एका औषधाने त्या माणसांचे स्नायू दीर्घकाळ लुळे पडू शकतात. तेव्हा जातीने जनुकांवर आपला शिक्का मारला आहे. जनुकांनी जात निर्माण केलेली नाही. कार्य आणि कारण यांची ही उलटापालट जो करतो, तो शास्त्राच्या भाषेत मनुस्मृतीच सांगत असतो.

आता व्यवस्थेच्या वाट्याकडे वळू. अमेरिकेत निवृत्त सैनिकांसाठी सरकारी दवाखान्यांची व्यवस्था आहे. तेथे काळ्या-गोऱ्यांना उपचार बऱ्याच अंशी सारखे मिळतात. तेथल्या साठ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती २०२० साली प्रसिद्ध झाली. निदानानंतर दहा वर्षांत या रोगाने मेलेल्यांचे प्रमाण काळ्यांत ४.४ टक्के आणि गोऱ्यांत ५.१ टक्के होते. बाहेरच्या समाजात जे मरण दुप्पट आहे, ते समान उपचारांच्या छपराखाली गोऱ्यांच्या बरोबरीला येते! रोग होणे यात वारशाचा वाटा असेल. पण झालेल्या रोगाने मरणे यात विम्याचा, अंतराचा, उशिराचा आणि डॉक्टरच्या मनातल्या पूर्वग्रहाचा वाटा आहे. दुसरा पुरावा जपानी लोकांचा. जपानमध्ये हा रोग फार कमी असे. पण हवाई आणि कॅलिफोर्नियात जाऊन स्थायिक झालेल्या जपान्यांत त्याचे प्रमाण वाढलेले आढळले. त्यात आहाराचा, राहणीचा आणि अधिक तपासण्यांचाही भाग आहे. पण एक-दोन पिढ्यांत जनुके बदलत नाहीत, देश मात्र बदलतो.

तिसरा पुरावा सर्वांत बोलका आहे आणि तो मार्तिनिकचा आहे. एमे सेझेर आणि फ्रांझ फॅनन ज्या बेटावर जन्मले ते हे कॅरिबियन बेट आजही फ्रान्सचा भाग आहे. तेथले आणि शेजारच्या ग्वाडेलूपचे बहुसंख्य लोक उसाच्या मळ्यांवर आणलेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज आहेत. प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण या दोन बेटांवर जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. वारशाचा भाग येथे आहेच. होक्स-बी-१३चा तो पश्चिम आफ्रिकी बिघाड मार्तिनिकच्या रुग्णांतही आढळला आहे. पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. केळीच्या खोडातला सोंडकिडा मारण्यासाठी येथे क्लोरडेकोन नावाचे कीटकनाशक १९७३ ते १९९३ पर्यंत वापरले गेले. हे द्रव्य शरीरात स्त्री-संप्रेरकासारखे वागते आणि मातीत शतकानुशतके टिकते. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या होपवेल येथे ते बनवणाऱ्या कारखान्यातले कामगार थरथरू लागले म्हणून १९७५ साली तो कारखाना बंद झाला. फ्रान्सने १९९० साली त्यावर बंदी घातली. बेटांवर मात्र मळेवाल्यांच्या सोयीसाठी ते आणखी तीन वर्षे चालू राहिले. १९७४ साली मार्तिनिकच्या केळीमजुरांनी संप केला तेव्हा ही विषारी औषधे बंद करा, अशीही त्यांची मागणी होती. त्या संपाला बंदुकीने उत्तर मिळाले. मजुराला जे आपल्या कातडीवरून कळले होते ते सरकारला कळायला आणखी एकोणीस वर्षे लागली.

आज या दोन बेटांवरच्या दहांपैकी नऊहून अधिक प्रौढांच्या रक्तात हे विष सापडते. ग्वाडेलूपमधल्या एका अभ्यासात २०१० साली असे दिसले, की ज्यांच्या रक्तात ते सर्वाधिक होते त्यांना हा कर्करोग होण्याचा धोका पावणेदोन पटींहून अधिक होता. आणि ज्यांच्या घरात बापाला किंवा भावाला हा रोग झाला होता, त्यांच्यात विषाचा हा संबंध अधिकच ठळक होता. येथे जनुक आणि व्यवस्था यांचे नाते उघड होते. ती दोन वेगळी खाती नाहीत. वारशाने ज्याचे दार थोडे उघडे ठेवले आहे, त्याच्याच घरात व्यवस्था विष सोडते. आणि मग माणूस मेला की दाराकडे बोट दाखवते. २०२१च्या अखेरीस फ्रान्सने कीटकनाशकांशी काम केलेल्या शेतमजुरांचा प्रोस्टेटचा कर्करोग हा व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य केला. परंतु २०२३ साली पॅरिसच्या न्यायाधीशांनी या प्रकरणी कोणावरही फौजदारी खटला न चालवता ते मिटवले. विष होते, मेलेले होते. अपराधी मात्र कोणी नव्हता. हे वाचताना कोणाला आपल्याकडचे निकाल आठवले तर त्यात नवल नाही.

‘जनुक’ हा शब्द हत्यार म्हणून कसा वापरला जातो याचाही अनुभव जगाला आहे. अमेरिकेत सिकलसेल या रक्ताच्या रोगाकडे सरकारचे लक्ष नव्हते तेव्हा ब्लॅक पँथर पक्षाने १९७१च्या सुमारास वस्त्यावस्त्यांत मोफत तपासणी सुरू केली. १९७२ साली सरकारने कायदा केला. पण त्याच सुमारास अनेक राज्यांनी काळ्यांची तपासणी सक्तीची केली, आणि ज्यांच्यात हा दोष केवळ एका बाजूने आलेला होता अशा निरोगी माणसांनाही रोगी ठरवून नोकऱ्या आणि विमे नाकारले गेले. तेथल्या हवाई दलाच्या अकादमीने अशा तरुणांना १९८१ पर्यंत प्रवेश दिला नाही. अलाबामातल्या टस्कीगी येथे तर १९३२ ते १९७२ या चाळीस वर्षांत गरमीचा रोग झालेल्या ३९९ काळ्या पुरुषांना, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही, औषध न देता सरकारी डॉक्टर नुसते पाहत राहिले. अशा इतिहासानंतर काळा माणूस रक्त द्यायला कचरतो, तर दोष त्याच्या अज्ञानाचा नाही. त्याच्या स्मरणशक्तीचा तो गुण आहे.

विदर्भातल्या आपल्या वस्त्यांना सिकलसेल नवा नाही. तेथे तो महारांत आहे, गोंडांत आहे, इतरही जातींत आहे. जेथे हिवतापाचे थैमान होते तेथे हा दोष एका बाजूने आलेली माणसे तग धरून राहिली. म्हणून तो टिकला. यात पापपुण्याचा, उच्चनीचतेचा काही संबंध नाही. तरीही या दोषाच्या नावाने मुलीचे लग्न मोडते. तपासणी हवी, पण तिच्या चिठ्ठीचा नवा जातीचा दाखला होता कामा नये, ही मागणी आपण आजच ठामपणे केली पाहिजे. २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाची मोहीम चालू आहे. २०२५ साली दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती संशोधकांसाठी खुली झाली आहे. ही साधने कोणाच्या हातात जाणार, हा प्रश्न त्यामुळे निकडीचा झाला आहे.

मग आपण काय करावे? पहिली गोष्ट, नोंद. मुंबईत १९६३ साली देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली आणि बार्शीला १९८७ साली ग्रामीण भागातली पहिली. या नोंदींवरून दिसते की आपल्याकडे प्रोस्टेटचा कर्करोग पाश्चात्त्य देशांहून पुष्कळ कमी आहे, पण शहरांत तो वाढतो आहे. परंतु २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी सुमारे २२.५ टक्के मृत्यूंनाच डॉक्टरने कारणाचा दाखला दिला होता. बाकीची माणसे ‘म्हातारपणाने’ गेली. जो कशाने मेला हेच कोणी लिहिले नाही, त्याच्या समाजात रोग ‘कमी’ असणारच. जनगणनेतल्या मोजदादीसाठी आपण जितके झगडतो, तितकेच या मोजदादीसाठीही झगडले पाहिजे.

दुसरी गोष्ट, आपल्या घरातला इतिहास. आपल्याकडे वंशावळ ठेवण्याचा अधिकारच नव्हता. आजोबांच्या पलीकडचे नाव अनेकांना सांगता येत नाही. पण बाप, चुलते, भाऊ, आई, मावशी कशाने गेले, कोणत्या वयात गेले, एवढे तरी प्रत्येक घराने विचारून लिहून ठेवावे. ज्याच्या बापाला किंवा भावाला प्रोस्टेटचा कर्करोग पासष्टीच्या आत झाला असेल, त्याने पंचेचाळिशीपासून, आणि एकाहून अधिक जवळच्या नातलगांना झाला असेल तर चाळिशीपासून, डॉक्टरशी तपासणीबद्दल बोलावे, असा अमेरिकेतला सल्ला आहे. तो आपल्यालाही मार्गदर्शक ठरावा. पी.एस.ए. नावाची रक्ताची साधी चाचणी असते. तिचा आकडा वाढला म्हणजे कर्करोगच झाला असे नाही. जंतुसंसर्गाने किंवा साध्या वाढीनेही तो वाढतो. म्हणून घाबरून शस्त्रक्रियेकडे धावू नये, आणि लाजेपोटी चाचणी टाळूही नये. लघवीची तक्रार, लघवीत रक्त, न थांबणारी कंबरदुखी ही लपवण्याची गोष्ट नाही. पुरुषाने दुखणे सांगू नये, ही शिकवणही एका बेडीचाच प्रकार आहे.

जन्माने काही येते, हे मान्य करण्यात आपला पराभव नाही. डोळ्यांचा रंग येतो, तसा एखाद्या रोगाचा धोकाही येतो. आपला नकार त्याला नव्हता आणि नाही. जन्माने आलेल्या गोष्टीवरून माणसाची किंमत, त्याचे औषध आणि त्याचे मरण ठरवण्याला आपला नकार आहे. समान उपचारांच्या दवाखान्यात काळ्या माणसाचे मरण दुप्पट राहिले नाही, ही एक गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करून ठेवावी. जनुके तीच होती. फक्त दवाखान्याचे दार उघडे होते.